ठाण्याच्या किल्ल्यातला कारभारी

डोंबिवली ते ठाणे हा लोकलचा प्रवास मी एकतीस वर्षे केला. ठाण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. सकाळच्या गर्दीत कळवा मागे पडले की गाडी खाडीच्या पुलावर येते. दाराशी लटकलेल्यांच्या तोंडावर खारा वारा येतो, कुणीतरी निर्माल्याची पुडी पाण्यात भिरकावतो, आणि पुरते मिनिटही होत नाही तो ठाणे येते. या मिनिटभराच्या पाण्याला मराठ्यांच्या इतिहासात केवढी किंमत होती, हे इतिहास शिकवणाऱ्या मलाच कितीतरी वर्षे नीट उमगले नव्हते. ते उमगले एका विद्यार्थ्यामुळे.

वर्गात मराठेशाहीचा शेवट शिकवत होतो. फळ्यावर नेहमीप्रमाणे एक ओळ लिहिली: त्र्यंबकजी डेंगळे, गंगाधरशास्त्र्यांचा खून, १८१५. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले की, सर, हा खटला कुठल्या कोर्टात चालला होता? परीक्षा जवळ आली होती, धडा संपवायचा होता. असले प्रश्न पेपरात येत नाहीत असे सांगून मी त्याला खाली बसवले. वर्ग हसला, मुलगा ओशाळला, तास संपला.

संध्याकाळच्या गाडीत मात्र त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. खरेच, कुठे चालला होता खटला? पुढे ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचत गेलो, आणि शाळेपासून चालत जाता येईल अशा ठाण्याच्या किल्ल्यापाशी येऊन पोचलो. त्या मुलाला उत्तर द्यायचे राहून गेले ते गेलेच. आजचा लेख म्हणजे त्या उधारीची थोडीफार फेड.

महाडचा निरोप

पेशवा या पदाचा अर्थ पंतप्रधान. छत्रपतींच्या अष्टप्रधानांतला पहिला. पण सत्ता पुण्याला आली तसा पेशवाच राज्याचा धनी झाला आणि राज्यकारभार पाहायला त्यालाही कारभारी लागू लागला. म्हणजे पंतप्रधानाचा पंतप्रधानच म्हणा ना. नाना फडणविसांनी ही जागा आपल्या कर्तबगारीने गाजवली. नाना १८०० मध्ये वारले. त्यानंतर दीड दशकाच्या आत त्याच जागेवर जो माणूस बसला, त्याचा जन्म ना सरदाराच्या वाड्यात झाला होता, ना फडावरच्या कारकुनाच्या घरात. प्रवरेच्या खोऱ्यातल्या निंबगाव जाळीचा हा मराठा, पाटीलकीच्या घराण्यातला. नाव त्र्यंबकजी डेंगळे. पेशव्यांच्या चाकरीत त्याने सुरुवात केली ती जासूद म्हणून.

जासूद म्हणजे निरोप्या आणि हेरही. त्याची सगळी मालमत्ता म्हणजे पाय, कान आणि बंद तोंड. त्र्यंबकजीजवळ तिन्ही होते. नशीब उघडायला फक्त एक प्रसंग हवा होता आणि तो १८०२ मध्ये आला.

२५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकराने पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून पळाला. सिंहगड, रायगड, महाड असे करत तो कोकणात उतरला. राजधानी शत्रूच्या हातात, बरोबर भेदरलेली माणसे, आणि पुण्यात काय चालले आहे त्याची बातमी नाही. अशा वेळी महाडहून पुण्याला पत्र पोचवून त्याचे उत्तर घेऊन परत यायचे काम त्र्यंबकजीने पत्करले. घाट चढून तो गेला आणि इतक्या लवकर परत आला की, बाजीरावाने त्याला जवळ ठेवून घेतले.

बाजीराव स्वभावाने संशयी. त्याचे सारे बालपण आणि तारुण्य कैदेत गेलेले. राघोबादादांचा मुलगा म्हणून नानांनी त्याला नजरकैदेत ठेवले होते. अशा माणसाला मोठ्या घराण्यांचा भरवसा वाटत नाही. पटवर्धन, रास्ते, विंचूरकर यांना स्वतःचा मुलूख होता, स्वतःची फौज होती, आणि मनात आले तर धन्याला दोन शब्द सुनावण्याची हिंमतही होती. जासुदाजवळ यातले काहीच नव्हते. जे असेल ते धन्याने दिलेले. बाजीरावाला असाच माणूस हवा होता.

तो पळापळीचा प्रवास समुद्रमार्गे वसईला संपला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. पेशव्याने कंपनीची सहा हजारांची फौज कायमची पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी परस्पर बोलणी न करण्याचे कबूल केले. गायकवाडांशी पैशाच्या हिशेबाचे जे भांडण होते, त्यात इंग्रजांची मध्यस्थी मानायचेही त्याच तहात ठरले. हे शेवटचे कलम लक्षात ठेवायला हवे, कारण तेरा वर्षांनी तेच त्र्यंबकजीच्या गळ्याशी आले.

१८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांनी बाजीरावाला परत पुण्याच्या गादीवर बसवले. त्र्यंबकजीही बरोबर आला, आणि पायरी पायरीने चढत गेला. आधी खासगीतला हुजऱ्या, मग मर्जीतला माणूस, मग तोफखान्याचा अधिकारी, मग कर्नाटकचा सरसुभेदार. सदाशिवपंत माणकेश्वरांसारखे जुने कारभारी मागे पडले. १८१४-१५ पर्यंत फौजेची भरती, मुलखाचा वसूल आणि इंग्रज वकिलाशी बोलणी ही सगळी सूत्रे त्याच्या हाती आली. पदवी काहीही असो, पेशवाईचा मुख्य कारभारी तोच होता.

त्याचा कारभार चांगला होता का? तसे म्हणवत नाही. त्या काळात परगणे मक्त्याने देण्याची रीत बोकाळली होती. जो जास्त बोली बोलेल त्याला मामलत, आणि त्याने ती रयतेकडून वसूल करायची. पेशव्यांचा खजिना भरला, पण गावे पिळून निघाली. त्र्यंबकजीने ही रीत मोडली नाही, उलट तिच्यावरच तो मोठा झाला. धन्याला पैसा हवा होता आणि चाकराला धन्याची मर्जी. या दोघांच्या मध्ये शेतकरी भरडला गेला. पण त्र्यंबकजीला एक गोष्ट पुण्यातल्या पुष्कळ शहाण्यांच्या आधी दिसली होती. वसईच्या तहाने पेशवाईच्या पायात बेडी पडली आहे, आणि ती तोडायची तर शिंदे, होळकर, भोसले यांना पुन्हा एकत्र आणल्यावाचून गत्यंतर नाही. त्याने गुपचूप बोलणी सुरू केली, फौज वाढवायला घेतली. १८११ पासून पुण्याच्या संगमावरच्या बंगल्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा कंपनीचा रेसिडेंट राहत होता. मराठी दरबाराची त्याला बारीक माहिती होती, आणि हा नवा कारभारी त्याच्या डोळ्यांत सलू लागला होता.

पंढरपूरची रात्र

पेशव्यांचा अहमदाबादकडचा हिस्सा गायकवाडांकडे मक्त्याने होता. १८१४ मध्ये त्याची मुदत संपत आली. मक्ता पुन्हा मिळावा आणि जुन्या बाकीचा हिशेब मिटावा म्हणून बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आले. शास्त्री हुशार आणि बोलण्यात फटकळ होते, आणि इंग्रजांशी त्यांचे चांगले जमत असे. त्यांच्या जिवाची हमी कंपनीने घेतली होती, वसईच्या तहातल्या त्या मध्यस्थीच्या कलमापोटी. अहमदाबाद त्यांना मिळाले नाही. बाजीरावाने तो सुभा त्र्यंबकजीला देऊन टाकला.

मग एकाएकी वारे फिरले. शास्त्र्यांचा दरबारात आदरसत्कार सुरू झाला. पेशव्यांच्या मेहुणीशी शास्त्र्यांच्या मुलाचे लग्न ठरले आणि नाशिकला तयारीही झाली. शास्त्र्यांनाच पेशव्यांचा कारभारी करावे असेही बोलणे निघाले. त्र्यंबकजीला हे कसे वाटले असेल, ते सांगायला नको. पण शास्त्र्यांचे मन कचरले. बडोद्याला काय म्हणतील, या धास्तीने त्यांनी लग्न लांबणीवर टाकले. आपल्या घरच्या बाईमाणसांना बाजीरावाच्या वाड्यात पाठवायलाही ते तयार झाले नाहीत, आणि त्या वाड्याची कीर्ती पाहता त्यात वावगे काही नव्हते. बाजीरावाला हा अपमान झोंबला.

१८१५ च्या जुलैत, आषाढात, पेशवे पंढरपूरला गेले. बरोबर त्र्यंबकजी होता आणि आग्रहाने नेलेले शास्त्रीही होते. त्या रात्री शास्त्र्यांना कणकण होती. देवळात येत नाही असे त्यांनी कळवले, पण त्र्यंबकजीकडून पुन्हा पुन्हा निरोप आले. अखेर थोडी माणसे बरोबर घेऊन ते गेले, विठ्ठलाचे दर्शन घेतले, आणि परतताना अंधाऱ्या रस्त्यात मागून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना तोडून टाकले. विठोबाच्या दारात, वारीच्या महिन्यात झालेल्या या खुनाने सारा महाराष्ट्र हादरला.

एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहत होता. तो तातडीने परतला, त्याने आपल्या परीने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की, खून त्र्यंबकजीने करवला. देवळात येण्याचे वारंवार निरोप, शास्त्र्यांविषयीचा मत्सर, खुनानंतर चौकशीची चालढकल, हे सारे त्र्यंबकजीच्या विरुद्ध जाते. ते झटकून टाकण्यासारखे नाही. मात्र बडोद्यातही शास्त्र्यांचे शत्रू होते आणि त्यांची माणसे त्या वेळी पुण्यात होती. इंग्रजांनी त्यांनाही मागून घेतले. आणि खुद्द बाजीरावाला काहीच ठाऊक नव्हते, यावर तेव्हाही फार थोड्यांचा विश्वास बसला. इंग्रजांनी मात्र सोयीचे तेवढे धरले. पेशव्याला दोषी ठरवले तर लढाईच करावी लागली असती. चाकराला दोषी ठरवले की धन्याच्या मुसक्या आपोआप बांधल्या जातात.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. कुठल्याही उघड्या न्यायासनासमोर त्र्यंबकजीचा खटला चालला नाही. साक्षी समोरासमोर झाल्या नाहीत, त्याला बाजू मांडायला मिळाली नाही. ज्याने आरोप केला त्यानेच निकाल दिला. त्र्यंबकजी निर्दोष होता असे मी म्हणत नाही. बहुधा नव्हताच. पण फळ्यावर त्याच्या नावापुढे खून हा शब्द मी ज्या बिनधास्तपणे लिहीत होतो, तो अधिकार मला कुणी दिला होता?

बाजीरावाने काही दिवस टाळाटाळ केली. त्र्यंबकजीला वसंतगडावर कैदेत ठेवल्यासारखे करून पाहिले. पण कंपनीची फौज हलू लागताच त्याने हात टेकले. सप्टेंबर १८१५ मध्ये आपला कारभारी त्याने इंग्रजांच्या हवाली केला. तेव्हा एकही सरदार पुढे आला नाही. कोण येणार? ज्यांना ढकलून तो वर गेला होता तेच सगळे खाली उभे होते.

मोतद्दाराचे गाणे

त्र्यंबकजीला ठेवले ते ठाण्याच्या किल्ल्यात. आजचे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजेच तो किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, पण काम पुरे होण्याआधीच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून जिंकला. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये साष्टी, म्हणजे ठाण्यासकट ते सारे बेट, कंपनीकडेच राहिले. मधल्या लढाईत इंग्रजांनी घेतलेले कल्याण मात्र पेशव्यांना परत मिळाले.

आता तो मिनिटभराचा पूल आठवा. १८१६ साली खाडीच्या ठाण्याकडच्या काठावर कंपनी सरकार होते आणि कळव्याच्या काठावर पेशवाई. कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण हा सारा पट्टा पुण्याचा. किल्ल्याच्या तटावरून त्र्यंबकजीला समोर जे डोंगर दिसत असतील, तो सगळा धन्याचा मुलूख होता. मध्ये फक्त पाणी.

पहारा कडक होता. कुणी फितूर होऊ नये म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले होते. ही दक्षताच इंग्रजांना नडली, कारण त्यांतल्या कुणालाही मराठी येत नव्हते. किल्ल्यातल्या एका इंग्रज अंमलदाराकडे एक मराठा मोतद्दार चाकरीला होता. साहेबाचा घोडा फिरवायला तो रोज त्र्यंबकजीच्या खिडकीखालून जाई-येई, आणि जाता-येता गाणे म्हणे. गोऱ्या पहारेकऱ्यांना वाटे की, हा आपल्याच नादात गुणगुणतो आहे. त्या गाण्यातून बाहेरचे निरोप आत पोचत होते.

वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले टाळ्या वाजवत. मलाही तो फार आवडतो. ज्याने आयुष्याची सुरुवात निरोप्या म्हणून केली, त्याच्या सुटकेला शेवटी एक निरोप्याच उपयोगी पडला. सरदार आले नाहीत, पेशवा आला नाही. आला तो घोड्याची खरारा करणारा माणूस, आणि पकडला गेला असता तर त्याच्यासाठी कुणी तहाची बोलणी केली नसती.

१२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी पहाऱ्याची नजर चुकवून किल्ल्याबाहेर निसटला. गोऱ्या पहाऱ्याच्या कोंडवाड्यातून वर्षभराने सुटलेल्या या कैद्याची बातमी गावोगाव पसरली. संगमनेर, नाशिक, खानदेशच्या डोंगरांतून तो फिरत राहिला. भिल्ल आणि रामोशी त्याला आसरा देत होते, आणि भोवती माणसे जमत होती. कारभारी असताना जे प्रेम त्याला मिळाले नव्हते ते परागंदा झाल्यावर मिळू लागले. लोकांनी त्याचा मक्त्याचा कारभार विसरून टाकला होता असे नाही. पण साहेबाच्या नाकावर टिच्चून निसटलेला आपला माणूस, एवढेच त्या घटकेला पुरेसे होते.

खाडीची किंमत

पुढची गोष्ट मात्र टाळ्यांची नाही.

१८१७ च्या सुरुवातीला फलटण आणि महादेवाच्या डोंगरांच्या बाजूला त्र्यंबकजीची माणसे जमत असल्याच्या बातम्या पुण्याला येऊ लागल्या. बाजीरावाने कानांवर हात ठेवले. इंग्रजांची खात्री झाली होती की, पैसा आणि इशारा पुण्याच्या वाड्यातूनच जात आहे. मे महिन्यात एल्फिन्स्टनने निर्वाणीचा खलिता दिला. त्र्यंबकजीला हवाली करा, आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड हे तीन किल्ले ओलीस द्या. पुण्याभोवती कंपनीची फौज उभी राहिली. शिवाजी महाराजांची राजधानी असलेला रायगड एका फरारी कारभाऱ्यापायी ओलीस पडला. ज्याच्या जिवावर बाजीराव मनातल्या मनात इंग्रजांशी लढत होता, त्याच त्र्यंबकजीला पकडून देण्यासाठी त्याला जाहीरनामा काढावा लागला आणि दोन लाख रुपयांचे बक्षीस लावावे लागले.

त्र्यंबकजी सापडला नाही, पण कंपनीने वसुली केली. १३ जून १८१७ ला पुण्याचा तह झाला. शास्त्र्यांचा खून त्र्यंबकजीने केला असे पेशव्याकडून लिहून घेतले. मराठी राज्यमंडळाचे पुढारीपण त्याला सोडावे लागले. गायकवाडांवरचे सारे जुने हक्क सालीना चार लाखांवर मिटवावे लागले. आणि फौजेच्या खर्चासाठी जो मुलूख तोडून द्यावा लागला, त्यात उत्तर कोकण होते. म्हणजे कल्याण आणि तिथून वर गुजरातपर्यंतची पट्टी.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली असे आपण सरसकट सांगतो. पण आमचे कल्याण, आणि त्याच्या आसपासची डोंबिवलीसारखी तेव्हाची खेडी, १८१७ च्या त्या तहानेच पेशव्यांच्या हातून गेली होती. लढाई हरून नव्हे, एका चाकराच्या अपराधाचा आणि पलायनाचा दंड म्हणून. पंढरपूरच्या गल्लीतल्या त्या रात्रीत इथल्या भातशेतीवाल्यांचा, आगरी-कोळ्यांचा काही संबंध नव्हता. त्यांना कुणी विचारलेही नव्हते. एका पावसाळ्यात त्यांचा सारा घ्यायला येणारा माणूस बदलला, एवढेच त्यांना कळले असेल. खाडीच्या दोन्ही काठांवर आता एकच सरकार होते.

पुढचे सारे झपाट्याने घडले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बाजीराव पळत सुटला. त्र्यंबकजी त्याला येऊन मिळाला. ज्याने आपल्याला इंग्रजांच्या हाती दिले आणि मग डोक्यावर बक्षीस लावले, त्याच धन्याकडे तो परत आला. याला निष्ठा म्हणावे की दुसरीकडे जायला जागाच नव्हती असे म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी वाटते, दोन्ही खरे असेल. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला झालेल्या लढाईत तो पेशव्यांच्या बाजूने होता. फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले. ३ जून १८१८ ला बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला सालीना आठ लाखांचा तनखा आणि गंगाकाठचे ब्रह्मावर्त मिळाले. त्र्यंबकजीला त्या करारात अभय नव्हते.

त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिककडच्या अहिरगावात कॅप्टन स्वान्स्टनच्या तुकडीने त्याला पकडले. त्याला पुन्हा ठाण्याच्या किल्ल्यात आणले. या वेळी खिडकीखालून गाणे म्हणत जाणारा कुणी नव्हता, आणि असता तरी उपयोग नव्हता. समोरच्या काठावर आता पेशवाई उरली नव्हती.

चुनारचा बगीचा

दुसऱ्यांदा ठाण्यात ठेवण्याचा धोका कंपनीने फार दिवस पत्करला नाही. त्र्यंबकजीला उत्तरेत, काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात पाठवले. खाली गंगा वाहत होती, पण तिच्या पलीकडे ओळखीचे काही नव्हते.

१८२४ मध्ये कलकत्त्याचा इंग्रज बिशप रेजिनाल्ड हेबर चुनारला गेला आणि त्याने या कैद्याची भेट घेतली. पुढच्या वर्षी तो मुंबई-ठाण्याकडेही आला आणि मोतद्दाराच्या गाण्याची हकीकतही त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली. चुनारचे त्याने केलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. कैद्याला दोन मोठ्या हवेशीर खोल्या होत्या, स्वयंपाकाची वेगळी जागा होती, आपल्या मुलखातले चार नोकर होते. पण खिडक्यांना गज होते, पहारा दिवसरात्र होता आणि नोकरांचीही झडती होई. कैद्याने एक लहानसा बगीचा केला होता. तिथे पिंपळाचे झाड होते आणि त्याने हौसेने फुलझाडे लावली होती. माणूस बुटका, चपळ आणि चिडखोर दिसला.

ज्याच्या शब्दासरशी परगणे फिरत त्याच्या हातात अखेरीस एवढे वाफे उरले. ज्या जासुदाने महाडहून पुण्याला जाऊन उत्तर आणले, त्याचे पाय आता त्या बगीच्यापुरते होते. खरा धनी तिकडे ब्रह्मावर्तात गंगेवर स्नानसंध्या करत, दानधर्म करत, नवी लग्ने करत राहत होता. नदी एकच, वरच्या अंगाला मालक आणि खालच्या अंगाला चाकर. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. त्र्यंबकजी १८२९ मध्ये चुनारलाच वारला. बाजीराव त्यानंतरही बावीस वर्षे तनखा घेत जगला आणि १८५१ मध्ये गेला.

ठाण्याच्या त्या तटाआड पुढे किती जण येऊन गेले. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तिथेच फासावर गेले. त्यांच्यासाठी लोक हात जोडतात, आणि ते योग्यच आहे. त्र्यंबकजीसाठी थांबणारा मी तरी पाहिला नाही. त्याचा पुतळा उभारावा असे माझे म्हणणे नाही. त्याच्या हातावर बहुधा रक्त होते, आणि त्याच्या मक्त्यांखाली गावे चिरडली गेली होती. पण तो एकटा नव्हता. त्याला हवे तसे वापरणारा धनी होता, त्याला सोयीपुरते दोषी धरणारा साहेब होता, आणि गप्प बसलेले सरदार होते. या सगळ्यांचा हिशेब एकाच्या नावावर मांडून इतिहासाची वही मिटवली गेली, आणि आम्ही मास्तर लोक तीच ओळ फळ्यावर उतरवत आलो.

निवृत्तीनंतर आता ठाण्याला जाणे कमी झाले आहे. गेल्या महिन्यात नातीला घेऊन गेलो होतो. खाडीचा पूल आला तेव्हा तिला खिडकीशी बसवून सांगितले की, दोनशे वर्षांपूर्वी या काठावर पेशव्यांचे राज्य होते आणि त्या काठावर कंपनीचे, आणि तिथल्या किल्ल्यात एक कारभारी गाणे ऐकत बसला होता. तिने विचारले, तो चांगला होता की वाईट? पूल संपत आला होता, माणसे उतरायला दाराशी लोटत होती. तिला म्हटले, परतीच्या गाडीत सगळे नीट सांगतो. आणि या वेळी सांगितले.